शॅगी आहे, पण लोकर आहे का?

भाड्याच्या वन बीएचकेमध्ये आपल्या हातात असतं तरी काय? भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारा. रंग बदलायचा तर डिपॉझिटवर पाणी सोडा. आणि टाइल्स? त्या तर सगळीकडे त्याच, दोन बाय दोनच्या, क्रीम कलरच्या, ट्यूबलाइटखाली हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसारख्या चकाकणाऱ्या! मग उरतं ते एवढंच, जे गुंडाळून टेम्पोत टाकता येतं आणि पुढच्या घरी पुन्हा अंथरता येतं. शॅगी रगचा फंडा यंग क्राउडमध्ये हिट आहे तो यामुळेच. लांब लांब धाग्यांचा, केसाळ, पायाची बोटं बुडवणारा गालिचा टाकला की खोलीचा मूड पाच मिनिटांत बदलतो. सही ना?

सही आहे, फक्त एक छोटासा लोचा आहे. मॉलमध्ये ‘शॅगी’ म्हणून जे मऊ मऊ प्रकरण हातात येतं, ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. दुकानात ते लोकरीपेक्षाही जास्त गुळगुळीत लागतं, हे मान्य. पण चार-सहा महिने रोजची ये-जा झाली की धागे चपटे होतात, एकमेकांत गुंततात आणि सोफ्यासमोर पायवाट दिसायला लागते. लोकरीच्या तंतूला जन्मतःच कुरळेपणा असतो, अगदी स्प्रिंगसारखा. तो दाबला जातो आणि परत उठतो. म्हणून माझं सरळ मत असं आहे: सहा बाय नऊचा पॉलिएस्टर घेण्याच्या पैशात तीन बाय पाचचा लोकरीचा मिळत असेल, तर डोळे झाकून छोटा घ्या. हॉलभर गालिचा असलाच पाहिजे असा नियम कुणी केलाय?

या केसाळ मंडळींचा बायोडेटाही भारी इंटरेस्टिंग आहे. ग्रीसमधल्या पिंडस डोंगरात ‘फ्लोकाटी’ तयार होतो. पांढऱ्या लोकरीचे लांब धागे सोडून तो विणतात आणि मग डोंगरातल्या ओढ्याचं पाणी जोरात कोसळेल अशा मोठ्या लाकडी पिंपात टाकतात. पाण्याच्या भोवऱ्यात तासन् तास घुसळून निघाला की धाग्यांचा पीळ सुटतो आणि तो ढगासारखा फुलतो. ना डिंक, ना केमिकल! दुसरा ‘रिया’, स्वीडन-फिनलंडकडचा. तिसरा मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतातल्या बेनी उराइन टोळ्यांचा, क्रीम रंगावर काळ्या-तपकिरी चौकटींच्या रेघा असलेला. इंटिरियरच्या मासिकांत दर दुसऱ्या घरात दिसतो तो हाच.

गंमत म्हणजे तिघेही मुळात शोपीस नव्हेत. रिया तर चक्क अंथरुणावरचं पांघरूण होता, केसाळ बाजू अंगाकडे आणि सपाट बाजू वर. थंडीत मेंढपाळांनी, कोळ्यांनी ऊब मिळावी म्हणून बनवलेल्या या वस्तू. म्हणजे थोडक्यात आपली घोंगडीच की! फरक इतकाच की आपली दख्खनी मेंढी जाडसर, राखाडी-काळ्या लोकरीची. तिची घोंगडी सपाट विणली जाते, ताण्याला चिंचोक्याची खळ लावली जाते आणि मग ती धनगराच्या खांद्यावर पाऊस-वारा झेलत वर्षानुवर्षं टिकते. आज्जीच्या ट्रंकेत एखादी असेल तर आधी तिला बाहेर काढा. कशी वापरायची ते सांगतेच पुढे.

आता शॉपिंग. दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं? ‘जरा उलटून दाखवा.’ बस! मागच्या बाजूला विणीच्या गाठी किंवा ताणा-बाणा दिसला तर गालिचा विणलेला आहे. आणि मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे मशिन-गनने कापडात धागे ठोकून मागून लॅटेक्सचा थर दिलेला. टफ्टेड वाईटच असतो असं नाही, तो स्वस्तही पडतो. पण हा लॅटेक्स काही वर्षांनी सुकून पावडरसारखा झडू लागतो आणि मुंबईच्या जुलैमध्ये त्याचा असा काही रबरी वास सुटतो की पाहुणे चहा न घेताच निघतील.

दुसरी टेस्ट थोडी फिल्मी आहे. सॅम्पलचे दोन-तीन धागे मागून घ्या आणि घरी किचनच्या सिंकवर चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत लांब नेताच आग विझली आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरली गेली, तर लोकर. प्लास्टिकचा वास येऊन कडक मणी तयार झाला, तर पॉलिएस्टर. (दुकानदाराच्या समोर, त्याच्याच गालिच्यावर हा प्रयोग करू नये. आपण सभ्य लोक आहोत.) लेबलवर ‘आर्ट सिल्क’ लिहिलं असेल तर ते सहसा व्हिस्कोस असतं. ते दिसतं मस्त चकचकीत, पण पाणी सांडलं की पिवळा डाग राहतो. चहाबाज घरांनी लांबच राहावं.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, तो म्हणजे हा विणला कुणी? भदोही-मिर्झापूर हा आपल्या देशातला हातविणीच्या गालिच्यांचा मोठा पट्टा. भदोहीच्या गालिच्यांना २०१० मध्ये जीआय टॅगही मिळाला. पण याच धंद्यात मागांवर लहान मुलं बसवली जायची, हेही तितकंच खरं. त्यावर उपाय म्हणून १९९०च्या दशकात कैलाश सत्यार्थींनी ‘रगमार्क’ हे लेबल सुरू केलं. त्यांनाच पुढे २०१४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. २००९ मध्ये या लेबलचं नाव ‘गुडवीव्ह’ झालं. प्रत्येक लेबलवर वेगळा नंबर असतो. लेबल नसलेला प्रत्येक गालिचा वाईट, असं मुळीच नाही. पण आपण जीन्सचा फिट विचारायला पाच मिनिटं घालवतो, मग हे विचारायला एक मिनिट काय हरकत आहे? दुकानदार गडबडला तर त्यातही उत्तर मिळतंच.

घरी आणल्यावर टाकायचा कुठे? बेस्ट जागा बेडच्या बाजूला. सकाळी अलार्म बंद करून पहिलं पाऊल थंड टाइलवर पडण्याऐवजी लोकरीत पडलं, तर सोमवारही थोडा सुसह्य होतो. हॉलमध्ये टाकत असाल तर सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय गालिच्यावर यायला हवेत. नाहीतर तो खोलीच्या मधोमध हरवलेल्या मांजरासारखा दिसतो. क्रीम टाइलवर क्रीम गालिचा दिसतच नाही. इथेच आज्जीची घोंगडी कामाला येते! खाली राखाडी-काळी घोंगडी सपाट पसरा, वर छोटा पांढरा शॅगी जरा तिरका टाका. लेयरिंगचा हटके लुक तयार. खाली अ‍ॅण्टी-स्लिप जाळी मात्र हवीच, नाहीतर सकाळी आठ वाजून वीस मिनिटांच्या लोकलच्या घाईत तुमचंच लेयरिंग होईल. डायनिंग टेबलखाली आणि दाराजवळ? चुकूनही नाही. वरणाचे शितोडे लांब केसांतून काढून बघा एकदा, म्हणजे कळेल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर शॅगीचा मोह सोडा, त्यांच्या बेडरूममध्ये तर नकोच. लांब धाग्यांत धूळ बसते आणि दमट हवेत डस्ट माइट्स वाढतात. अशा घरात ती सपाट घोंगडी किंवा साधी सुती सतरंजी बरी. ती निदान आठवड्याला उन्हात झटकता तरी येते.

बाकीच्यांसाठी मेन्टेनन्सचा हिशेब असा. मावशींचा झाडू इथे चालत नाही, तो केस ओढून काढतो. आठवड्यातून एकदा गालिचा गॅलरीत नेऊन झटका, किंवा व्हॅक्यूम क्लीनरचा फिरता ब्रश बंद करून फक्त सक्शनवर फिरवा. नवा लोकरीचा गालिचा पहिले काही महिने केस गाळतो, घाबरू नका. चहा सांडला तर घासायचं नाही! किचन टिश्यूने वरून दाबत टिपायचं, मग थंड पाण्याचा ओला कपडा. गरम पाण्यात लोकर आटून तिचा नमदा होतो आणि ब्लीच तर लोकर अक्षरशः खाऊन टाकतं.

आणि पाऊस. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला कोरडीच लागते, त्यामुळे जुलैमध्ये आतून काय चाललंय ते कळतच नाही. म्हणून मे महिन्यातच साफ करून, पूर्ण वाळवून गालिचा गुंडाळा. घडी नाही, गुंडाळीच! जुन्या सुती साडीत किंवा चादरीत बांधा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. सोबत डांबराच्या गोळ्या ठेवा, थेट लोकरीला न लागतील अशा, कारण कसरीला लोकर आणि अंधार दोन्ही प्रिय असतात. अधूनमधून सोडून बघा. ऑक्टोबर हीट सुरू झाली की तासभर उन्हात, उलटी बाजू वर करून टाका, मग पुन्हा बेडशेजारी अंथरा.