किल्ली शेजारी, चिठ्ठी पिंजऱ्यावर

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडमागच्या एका गॅलरीत या आठवड्यात बजरीगर पोपटांचा पिंजरा पाहिला. मालकीणबाई दवाखान्यात भरती, आणि वाटी भरलेली दिसते म्हणून शेजारच्या काकू निश्चिंत. मी फुंकर मारली, तर वर नुसती टरफलं! हे पोपट राळ्याचा दाणा सोलून खातात आणि फोल तिथंच टाकतात. इवलासा जीव उपाशीपोटी एक-दोन दिवसांतच दगावू शकतो, शिवाय दुखणं शेवटपर्यंत लपवतो. म्हणून पोपट पाळणाऱ्यानं धडधाकट असतानाच शेजारी किल्ली द्यावी आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी लावावी, हे माझं ठाम मत. चिठ्ठीत लिहा: दाणा किती, पाणी कधी, ऊन कुठल्या बाजूनं येतं (नागपूरचा मे महिना माणसालाही सोसत नाही), नॉनस्टिक तवा रिकामा तापवायचा नाही, कारण त्याची वाफ पोपटाचा जीव घेते. तापखोकला झाला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना सांगाच. कारण सिटॅकोसिस हा आजार पक्ष्यांकडून माणसाला होतो. आणि घरात आपला हिरवा मिठू असेल, तर तो कितीही गोड बोलो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळताच येत नाही. त्याला शेजाऱ्याकडे नको, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पोचवा, आणि तेही आजारपणाची वाट न बघता.