वॅटला वॅट जुळवू नका

घरासाठी स्टिरिओ घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेत. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रिसीव्हर किती वॅटचा?’ आणि दुसरा, ‘स्पीकर किती वॅटचे?’ दोन्ही आकडे आसपास आले की व्यवहार होतो. रिसीव्हरचा आकडा मोठा निघाला तर दुकानदार मान हलवतो, ‘स्पीकर उडतील, साहेब.’ याच्या नेमका उलट बोलणाराही एक पंथ आहे. तो थोडा अधिक वाचलेला असतो. त्याच्या मते स्पीकर जाळतो तो लहान ॲम्प्लिफायर. तेव्हा मोठ्यात मोठा घ्या आणि निर्धास्त राहा. दोन्ही पंथांच्या हाती अर्धे सत्य आहे, आणि दोघांचेही दैवत चुकीचे आहे. खोक्यावरचा वॅटचा आकडा हाच जोडी जुळवण्याचा पाया, असे दोघेही मानतात. तो पाया नाही.

आधी पहिला पक्ष. स्पीकरच्या पाठीवर छापलेले ‘१०० वॅट’ हे पुलावरच्या ‘२० टन’ पाटीसारखे असते. पूल किती भार सोसेल एवढेच ती पाटी सांगते. वरून जाणारी प्रत्येक गाडी २० टनांची असते असे कोणी समजत नाही. रिसीव्हरवरचे ‘१०० वॅट’ ही त्याची ऐपत. ऐपत आहे म्हणून तो दर क्षणी तेवढी वीज ओतत बसत नाही. किती ओतायची ते आवाजाचे बटण आणि चालू असलेले गाणे ठरवते.

हिशेबच करू. घरगुती स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८७ डेसिबल धरा. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. श्रोता तीन मीटरवर बसला तर अंतरामुळे नऊ-दहा डेसिबल घटतात, पण दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती त्यातले काही परत देतात. हाती ८० डेसिबलच्या थोडे वर उरते. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतो ते ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे दिवाणखान्यात चांगले घसघशीत गाणे वाजते तेव्हा स्पीकरकडे सरासरी एकच वॅट जात असतो. मग १०० वॅटचा रिसीव्हर ‘८० वॅट’च्या स्पीकरला उडवील ही भीती कसली?

पण त्याच हिशेबात एक मेख आहे. संगीत सपाट नसते. तबल्याची थाप, झांजेचा झणत्कार, ड्रमचा ठोका सरासरीच्या १५ डेसिबल वर सहज जातो. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते, दहा डेसिबलला दहापट. १५ डेसिबलला सुमारे ३२ पट. सरासरी एक वॅट असताना त्या थापेच्या क्षणी ३२ वॅट हवेत. ते नसले तर लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. येथे दुसऱ्या पंथाचे अर्धे सत्य दिसते. पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची गोल लाट कापली जाऊन पार चौकोनी झाली, तर तिच्यातली वीज दुप्पट होते. ३० वॅटचा रिसीव्हर ६० वॅट देऊ लागतो. वर कापलेल्या लाटेतून नवे उंच स्वर निर्माण होतात आणि ते थेट ट्वीटरकडे, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जातात. ट्वीटरची कॉइल बारीक तारेची. ‘१०० वॅट’च्या खोक्यातला ट्वीटर एकट्याने १०० वॅट कधीच पेलत नाही, तो आकडा, संगीतात उंच स्वरांचा वाटा थोडा असतो, या गृहीतावर दिलेला असतो. आवाज फाटू लागल्यावरही बटण पुढे रेटले की उंच थापा जागच्या जागी राहतात, मधला सगळा भाग मात्र फुगतो. सरासरी उष्णता चढते आणि कॉइल जळते.

मग मोठा ॲम्प्लिफायर घेतला की सुटलो? मुळीच नाही. लहान ॲम्प्लिफायर हा काही विषप्रयोग नव्हे. बेताच्या आवाजात २० वॅटचा रिसीव्हर ‘१००’च्या स्पीकरबरोबर वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. उलट २०० वॅटवाला, घरी पार्टी चालू असताना, उत्साही हाताने खरेच १५० वॅट ओतू शकतो. तेव्हा लाट स्वच्छ असली तरी कॉइल जळायची ती जळतेच. शिवाय दुसरा एक धोका आहे, तो उष्णतेचा नव्हे. बासचे बटण दहा डेसिबल वर नेले की त्या खर्जाच्या स्वरांना दहापट वीज लागते. वूफरचा कोन मर्यादेबाहेर मागेपुढे हलतो, कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते आणि ‘टक टक’ ऐकू येते. तो आवाज आला की समजावे, स्पीकर तक्रार करतो आहे.

आता त्या पूज्य आकड्याचे चारित्र्य पाहू. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या डेकवर हजार-हजार वॅट ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, स्टिकर झळकत. मागच्या पट्टीवर वीज वापर ६० वॅट लिहिलेला असे. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र सतत हजार वॅट कुठून देणार? अमेरिकेत ही फुगवाफुगवी इतकी माजली की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरची वॅट कशी मोजून जाहीर करायची याचा नियमच करावा लागला. आजही अनेक होम थिएटर रिसीव्हरवरचा मोठा आकडा एकच चॅनल चालवून, एकाच हजार हर्ट्झच्या स्वरावर, १० टक्के विकृती मान्य करून मोजलेला असतो. १० टक्के विकृती म्हणजे लाट कापली जात असतानाचा आकडा. त्याच्याशी स्पीकरचा आकडा जुळवणे म्हणजे जाहिरातीशी जाहिरात जुळवणे.

मग जुळवायचे काय? पहिली गोष्ट ओम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध. २० व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर ८ ओमच्या स्पीकरला अडीच अँपिअर देतो. स्पीकर ४ ओमचा असला की तेवढ्याच व्होल्टला पाच. ओम कमी झाले की ओझे रिसीव्हरवर पडते. तो तापतो, त्याचे संरक्षण ‘टक्’ करून जोडणी तोडते, आणि संरक्षण नसेल तर ट्रान्झिस्टर जातात. म्हणून ‘किमान ६ ओम’ असे लिहिलेल्या रिसीव्हरला ४ ओमचे स्पीकर लावू नयेत. बऱ्याच रिसीव्हरांवर ‘ए’ आणि ‘बी’ जोड्या एकत्र लावल्या की त्या समांतर जोडल्या जातात: ८ ओमचे दोन मिळून ४, आणि ४ ओमचे दोन मिळून २. दुसरी जोडी हॉलमधून बाल्कनीत नेणाऱ्यांनी हे आधी पाहावे. जास्त ओमचा स्पीकर मात्र बिनधोक. बीबीसीसाठी घडवलेला ‘एलएस३/५ए’ हा छोटा स्पीकर मूळचा १५ ओमचा. साध्या ट्रान्झिस्टर रिसीव्हरला तो काहीच इजा करत नाही, फक्त वीज कमी घेतो.

दुसरी गोष्ट संवेदनशीलता आणि खोली. हाच एलएस३/५ए सुमारे ८३ डेसिबलचा. ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला त्याला पाचपट वीज लागते. तेव्हा रिसीव्हरची गरज स्पीकरच्या पाठीवरच्या कमाल वॅटवरून काढू नका. संवेदनशीलता, बसण्याचे अंतर आणि तुमची आवड यांवरून काढा, आणि वर थापांसाठी मोकळी जागा ठेवा.

तिसरी गोष्ट जोडणी. तारा लावताना रिसीव्हर बंद असावा. लाल-काळ्या टोकांमध्ये एकही सुटी तार अडकता कामा नये. जुना, सेकंडहँड रिसीव्हर घरी आणला तर स्पीकर लावण्याआधी आवाज शून्यावर ठेवून त्याच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर ठीक. व्होल्टांत दिसले तर तो रिसीव्हर आधी मेकॅनिककडे जाऊ द्या, कारण असा डीसी वूफरची कॉइल भाजू शकतो.

‘सामान्य गिऱ्हाइकाने एवढे का शिकावे? वॅटला वॅट लावणे सोपे आहे,’ असा आक्षेप येईल. सोपे आहे खरे, पण त्याने वाचत काहीच नाही. वॅट तंतोतंत जुळवलेला संचही बटण रेटले की जळतो. त्याउलट ओम पाहून घेतलेला, ताकदीला मोकळीक असलेला रिसीव्हर आणि आवाज फाटताच बटण मागे घेणारा हात, एवढ्यावर स्पीकर दशके टिकतो. तेव्हा दुकानात वॅट विचारण्याआधी ओम आणि संवेदनशीलता विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही, तर दुसरे दुकान गाठा.