जक्कयाचा हिशेब

ख्रिस्ती धर्म म्हटला की करुणा हा शब्द प्रथम ओठांवर येतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना व स्त्रियांना आसरा दिला, हे आपण जाणतोच. परंतु करुणा ही त्या धर्माची अर्धीच शिकवण होय. तिच्या जोडीला न्याय नसेल तर तिची भिक्षा होते; आणि पश्चात्ताप नसेल तर न्याय ही नेहमी दुसऱ्याने करावयाची गोष्ट ठरते.

भिक्षा आणि न्याय यांतील अंतर बारामतीने पाहिले आहे. ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राईस्ट’ या पंथाचे मिशन येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम करीत होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अवर्षण पडले तेव्हा मदतीचे धान्य नुसते वाटून टाकता आले असते. त्याऐवजी मिशनची मंडळी आणि त्या वेळचे तरुण कार्यकर्ते शरद पवार यांनी कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याची रीत धरली आणि तांदूळवाडीला पाझर तलाव उभा राहिला. पुढे अनेक गावी असे तलाव झाले, आणि १९७१ साली बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली. वाटलेले धान्य चार दिवसांत संपते. तलाव मात्र माणसाला ताठ मानेने उभे करतो.

आता पश्चात्ताप. तो मनाचा विषय, डोळ्यांतील दोन अश्रूंचा विषय, असे पुष्कळांना वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा याला सरळ छेद देते. हा यरीहोचा धनाढ्य मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने छाती बडवून घेतली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, असा चोख हिशेब त्याने मांडला. ख्रिस्ती पश्चात्ताप म्हणजे असा परतफेडीचा हिशेब.

हा हिशेब आपल्या भागाला लावून पाहू. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा मोठा पट्टा बागायती केला. येथील ऊस तोडण्यास दर हंगामात बीड, अहिल्यानगर अशा कोरडवाहू भागांतून टोळ्या येतात. उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. आजारपणात खाडा झाला तरी पैसे कापले जातात. मुलांची शाळा गावीच राहते. थंडीत त्यांना जुनी स्वेटरे वाटणे ही करुणा आहे, आणि ती वाईट नव्हे. पण उचलीचा स्वच्छ हिशेब, आजारपणात सवलत आणि मुलांना येथे शाळा हा न्याय झाला. आणि आपल्या बागायतीच्या संपन्नतेत त्यांच्या घामाचे देणे बाकी आहे, हे कबूल करून ते फेडू लागणे, हा पश्चात्ताप.

मित्रहो, हे मानण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. पण जो स्वतःस ख्रिस्ती म्हणवितो, त्याला हे टाळून प्रार्थनेला बसता येणार नाही. आपण साऱ्यांनीही दानाच्या पावतीवर समाधान मानण्यापूर्वी देण्याची वही एकदा उघडून पाहावी.