पोटखराब्यातील करवंद

महसुलाच्या दप्तरात ज्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असा शेरा पडतो, तिच्यावर सरकार आकार बसवीत नाही आणि खातेदारही तिच्याकडून पिकाची आशा धरीत नाही. कोकणातील जांभ्याचे सडे, मावळातील मुरमाड उतार, घाटमाथ्यावरील कातळाच्या कडेला साचलेली वीतभर माती असा हा सारा मुलूख. आणि जेथे नांगराचा फाळ टेकत नाही अशा या मुलखातच करवंदीची जाळी कोणाच्याही मशागतीवाचून पिढ्यान् पिढ्या हिरवीगार उभी आहे. जे झुडूप डोंगरांनी आपणहून सांभाळले, ते यापुढे आपण बुद्धिपुरस्सर लावावे, शेताच्या हद्दीवर, आमराईच्या कडेला, गायरानाच्या सीमेवर त्याची वई उभारावी, आणि तारेच्या कुंपणाला जे सरकारी अनुदान मिळते तेच या जिवंत वईलाही मिळावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

करवंद हे कण्हेर, रुई आणि सदाफुली यांच्या कुळातले. पान खुडताच पांढरा चीक निथळतो आणि पेरापेरांतून जोडीने निघणारे, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले काटे हाताला सावध करतात. पाने जाड, चिवट आणि तुकतुकीत असल्यामुळे त्यांतून बाष्प थोडेच उडते. मुळे कातळाच्या फटींतून खोल उतरतात. म्हणूनच वैशाखात भोवतालचे गवत जळून माळ राखाडी पडला तरी ही जाळी तेवढी हिरवी राहते. माघ-फाल्गुनात तिला जाईची आठवण करून देणारी शुभ्र, सुगंधी फुले येतात, चैत्रात तांबूस छटेची हिरवी फळे धरतात आणि वळवाच्या सुमारास ती काळीभोर होतात. फळ फोडण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारून आतला गर लाल निघाला तर कोंबडा आणि पांढरा निघाला तर कोंबडी ठरविण्याचा खेळ कोकणातील मुले अजून खेळतात.

या जाळीचे खरे महत्त्व मात्र फळाहूनही तिच्या पोटात काय चालते यात आहे. बुलबुलासारखे पक्षी तिच्यात घरटी करतात, आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेले नाना वृक्षांचे बी तिच्या सावलीत रुजते. शेळ्यामेंढ्यांचे तोंड काट्यांमुळे तेथवर पोचत नाही, आणि काही वर्षांनी त्या जाळीतूनच एखादे जांभळाचे झाड डोके वर काढते. पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने उघड्या माळावर लावलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गुरांच्या तोंडी जातात, त्याचे एक कारण असे की, ज्या काटेरी झुडुपांच्या आश्रयाने वन स्वतःला पुन्हा उभारते, तीच आपण आधी साफ केलेली असतात. झुडूप तोडून वृक्ष लावणे हा व्यवहार उलट्या क्रमाचा आहे, आणि वनीकरणाच्या योजना आखणाऱ्यांनी तो गांभीर्याने तपासून पाहावा.

काटेरी वनस्पतींची वई किती कार्यक्षम होऊ शकते, याचा पुरावा इतिहासात आहे, जरी तो पुरावा एका अन्यायी कामाचा असला तरी. १८८५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामुळे ज्यांचे नाव आपण ओळखतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात अंतर्गत जकात खात्याचे कमिशनर होते. पंजाबातून निघून मध्य हिंदुस्थानाच्या मुलखातून ओरिसाच्या दिशेने गेलेल्या जकातीच्या हद्दीवर, चोरटे मीठ आत येऊ नये म्हणून, इंग्रज सरकारने काटेरी कुंपण घातले होते. वाळलेल्या काट्याकुट्यांचे ते कुंपण वाळवी खाई, आगीत जळे आणि वाऱ्याने उडे. ह्यूमसाहेबांनी त्याऐवजी जागोजागच्या मातीला मानवतील अशी जिवंत झाडे लावण्याचा उद्योग आरंभिला. बाभूळ, बोर, निवडुंग, शेर यांच्या जोडीने त्यात करवंदही होते. शेकडो मैल पसरलेल्या या कुंपणावर एके काळी सुमारे १४,००० माणसांचा पहारा होता. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडविण्यासाठी झाडांना राबविणारी ती व्यवस्था १८७९ साली मोडीत निघाली, हे योग्यच झाले. परंतु ज्या करवंदीने एका साम्राज्याची जकात राखली, तिला एका शेतकऱ्याचा वरकस तुकडा राखणे जड जावे असे मानण्यास काही कारण नाही.

आपल्याकडील राज्यकर्त्यांना काट्यांचे मोल त्याच्याही पूर्वी कळले होते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांची व्यवस्था सांगताना गडाभोवतालची झाडी ही गडाच्या राखणीचाच भाग मानली आहे, आणि ती प्रयत्नपूर्वक वाढवावी, कोणास तोडू देऊ नये, अशी सक्त ताकीद दिली आहे. जो विचार दुर्गांच्या बाबतीत राजनीतीचा भाग होता, तो शेतीच्या बाबतीत आपण सोडून दिला. आज चिऱ्यांचा गडगा घालायचा तर चिऱ्याचे आणि गवंड्याचे मोल परवडत नाही; तार ओढली तर कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत ती काही वर्षांत गंजते आणि सिमेंटचे खांब कलंडू लागतात. वई मात्र वर्षागणिक दाट होत जाते.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वानरांना ती अडवू शकणार नाही, आणि लावल्यापासून भरून येईपर्यंत तीन-चार वर्षे धीर धरावा लागेल. पूर्ण पिकलेल्या फळांतून काढलेले बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे. पुढच्या पावसाळ्यात रोपे हद्दीवर दीड-दोन फुटांच्या अंतराने लावावीत, खड्ड्यात शेणखत घालावे, पहिले दोन उन्हाळे अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावे, आणि फळे उतरल्यावर दरसाल छाटणी करून जाळी बुंध्यापासून भरत न्यावी. एवढी सेवा झाली म्हणजे पुढे तिला पाणी लागत नाही. या झुडुपाचा अभ्यास झालेला नाही असेही नव्हे; दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा टपोऱ्या फळांचा वाण दिला आहे आणि उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठानेही आपले वाण काढले आहेत. उणीव आहे ती या वाणांची रोपे वाडीवाडीपर्यंत पोचविण्याची.

फळाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कच्च्या करवंदाचे लोणचे आणि हिरव्या मिरचीबरोबर वाटलेली चटणी कोणत्याही मराठी घराला नवी नाही. पिकल्या फळाचा जॅम उत्तम होतो, कारण त्यात पेक्टिन विपुल असते. तथापि या फळाचा एक मोठा व्यापारी उपयोग असा आहे की, कच्च्या करवंदातील बी काढून, ते लाल रंगवून, साखरेच्या पाकात मुरवून ‘चेरी’ या नावाने विकले जाते, आणि केकवर किंवा विड्यात खोचलेली ती चेरी खाणाऱ्याला आपण करवंद खात आहोत याचा पत्ताही नसतो. डब्यावर फळाचे खरे नाव ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली, तर गिऱ्हाइकाची फसवणूक थांबेल आणि करवंदाला स्वतःची बाजारपेठ मिळण्याचा मार्ग मोकळा होईल.

आणि ही बाजारपेठ कोणाची असावी, हेही आताच ठरविले पाहिजे. कर्जत, कसारा, खंडाळा या बाजूंना उन्हाळ्यात स्टेशनाबाहेर आणि घाटाच्या वळणावर पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसणाऱ्या ठाकर व कातकरी बाया पहाटे डोंगर चढून, हातांना ओरखडे सोसून ती तोडून आणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. परंतु वणव्यात जाळी जळाली, किंवा डोंगराचे प्लॉट पाडताना ती यंत्राने उपटली गेली, तर कागदावरचा हक्क त्यांच्या टोपलीत काय घालणार? वणवा लावणाऱ्यावर नाममात्र नव्हे तर खरी कारवाई व्हावी, आणि लागवड वाढली म्हणून डोंगरच्या फळाचा भाव पाडला जाऊ नये, याची काळजी ग्रामसभांनी घ्यावी.

करवंदाचे बी फार दिवस साठवून ठेवता येत नाही, त्याची उगवणशक्ती लवकर जाते. त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर निविदा काढून हे काम होणार नाही. ज्या ग्रामपंचायतींना वई लावायची आहे त्यांनी मे महिन्यातच रोपवाटिकेची जागा मुक्रर करावी, आणि लागणारी पिकली फळे या बायांकडूनच, रोख आणि रास्त भावाने विकत घ्यावीत.