आधी घरचा गोंगाट

जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. आकाश ऐकणारी दुर्बीण मात्र नाही. ती पाहायची तर जुन्नर तालुक्यातले खोडद गाठावे लागते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत.

अशा दुर्बिणींनी परग्रहवासीयांचे संदेशही शोधता येतात. पण ते बोलत असतील तर कोणत्या लहरीवर? कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ साली हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर सुचवली. विश्वात कुठेही हायड्रोजन सारखाच. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे कान लावला. हाती काही आले नाही, आजवरही आलेले नाही.

खरी अडचण आपल्याच गोंगाटाची. मोबाइल, उपग्रह, विजेच्या तारांवरची ठिणगी, सगळेच 'संदेश' पाठवतात. क्षीण हाक मात्र खरोखर ऐकू येते: १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा संकेत खोडदने टिपला. यान उतरण्याआधीच तो तुटला. यान आदळले होते.

१९७७ साली अमेरिकेत ओहायोतल्या रेडिओ दुर्बिणीला मिळालेला ७२ सेकंदांचा प्रसिद्ध संकेत पुन्हा कधी आला नाही. म्हणून 'एलियन सापडले' छापाच्या बातम्यांना आमच्याकडे जागा नाही. (खप वाढला असता, हे मान्य.)

राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. जालना जिल्ह्यातल्या शाळांनी एखादी एसटी ठरवावी; मोबाइल बंद ठेवायची तयारी मात्र हवी.