ट्रेनर मार्गदाता हवा, मोक्षदाता नको

आमच्या वस्तीतला एक तरुण गेली सात वर्षे जिममध्ये पर्सनल ट्रेनर आहे. मागच्या महिन्यात मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून झापले. गुन्हा काय? चार महिने त्याच्याकडे व्यायाम शिकलेल्या एका बाईंना तो म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला माझी रोज गरज नाही. महिन्यातून एकदा या, मी तपासून देईन." मॅनेजरचे म्हणणे सरळ होते: क्लायंट स्वतः शिकला तर पॅकेज कोण घेणार?

आपली कितीतरी पोरे आज या धंद्यात आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

आधी धंदा समजून घेऊ. ट्रेनरचा ठरलेला पगार तुटपुंजा असतो, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या पॅकेजमधल्या टक्केवारीवर. वेळ सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 10. कागदावर नऊ तास भरतात, पण माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत अडकलेला असतो. मधले सात तास बिनपगारी. क्लायंट गावाला गेला की कमाईही गेली. अनेकांकडे साधे नेमणूकपत्र नाही, पीएफ तर दूरच. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीला रात्रभर नाचणारा आपला पोरगा स्वतःचे नेमणूकपत्र मात्र मागत नाही!

टक्केवारीची ही पद्धत ट्रेनरला एकच धडा देते: क्लायंटला अडाणी ठेव. रोज नवा व्यायाम द्यायचा आणि कारण सांगायचे नाही. महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी द्यायची. पावडरचा डबा गळ्यात मारून त्यावरही कमिशन घ्यायचे. काही महाभाग तर इंजेक्शनपर्यंत जातात. "माझ्याशिवाय तुझे काही होणार नाही" हे मनावर बिंबले की पॅकेज पुन्हा भरले जाते. ही भाषा आपल्याला नवी आहे का? ज्ञान आपल्या मुठीत ठेवायचे आणि समोरच्याला कायम पायाशी बसवायचे, याच भाषेने आपल्या कितीतरी पिढ्या खाल्ल्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब मोक्षदाता आणि मार्गदाता यांच्यातला फरक दाखवतात. बुद्धाने मोक्ष देण्याचे वचन दिले नाही, मार्ग दाखवला. चालायचे ज्याचे त्याने. हे विहारात ऐकायचे आणि जिममध्ये विसरायचे, असे कसे चालेल?

मार्गदाता ट्रेनर कसा असतो, हे मी या तरुणाकडे पाहिले. पहिल्या दिवशी तो वजनाला हात लावू देत नाही. बीपी, शुगर, गुडघे, जुने ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळे विचारतो. छातीत दुखते म्हटले की आधी डॉक्टरकडे पाठवतो. मग झोप किती, ड्युटी बसून की उभ्याने, हे विचारतो. नुसते खुर्चीवरून उठ-बस करायला लावून शरीर कुठे अडते ते बघतो. वजन थोडे थोडे वाढवतो आणि प्रत्येक वेळी का वाढवले ते सांगतो. वही क्लायंटच्या हातात, नोंदी क्लायंटच्याच अक्षरात.

आहाराचेही तसेच. ब्रोकोली आणि ॲव्होकॅडोची छापील यादी तो देत नाही. "तुमच्या घरी काय शिजते?" असे विचारतो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाणे, हरभरे, सोयाबीन आहेतच. आणि सुकट! जिच्या वासावरून आपल्याला शाळेत हिणवले गेले, ती सुकट प्रथिनांचा खजिना आहे. आपल्या ताटाची लाज वाटायला लावणारा ट्रेनर शरीर कमावून देईल, पण माणूस खचवेल.

"हे सगळे ठीक, पण पोट कसे भरायचे?" असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. शिकून मोकळा झालेला क्लायंट कधी आणखी दोघांना घेऊन येतो, कधी येत नाही. एकट्याच्या प्रामाणिकपणावर धंदा सुधारत नाही. म्हणून ट्रेनरनी दोन कामे करावीत. पहिले, शिकावे. या कामाला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे दंड फुगले की माणूस ट्रेनर होतो. आपण शरीररचना आणि प्रथमोपचार शिकूनच मैदानात उतरावे. दुसरे, संघटित व्हावे. नेमणूकपत्र, जगता येईल असा ठरलेला पगार आणि साप्ताहिक सुट्टी एकत्र येऊन मागावी. पगार पक्का असेल तर क्लायंटला अडकवून ठेवायची गरजच उरत नाही.

मॅनेजरने झापूनही हा पठ्ठ्या बदललेला नाही. दर रविवारी पहाटे तो वस्तीतल्या मुलांना पोलीस भरतीची तयारी फुकट करून देतो. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या 50 गुणांचा हिशेब पोरांना तोंडपाठ आहे. शिट्टी त्याच्या हातात नसते. पोरेच एकमेकांची वेळ घेतात आणि वहीत लिहितात. गेल्या रविवारी तो गावी गेला होता. मी सहा वाजता मैदानावर जाऊन पाहिले, सराव सुरू होता.

जय भीम!