डोळे गेले, काम गेलं नाही



गेल्या बैठकीत आपले एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "मला आता दिसत नाही. माझ्या जागी दुसरा घ्या." बाबांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बैठक गप्प झाली. कुणी म्हणालं, त्यांना आता आराम द्या.

आम्हाला हे पटलं नाही. का, ते सांगतो.

विलायतेत हेन्री फॉसेट नावाचा माणूस होता. 1858 साली शिकारीत बापाच्याच बंदुकीचे छर्रे लागून त्याचे दोन्ही डोळे गेले. वय पंचवीस. तरी 1865 साली तो पार्लमेंटात निवडून गेला. कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि डोक्यात ठेवायचा. तेव्हा तिथले जमीनदार गावाची गायरानं, जंगलं कुंपण घालून गिळत होते. लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात जुन्या हक्काने सरपण तोडलं म्हणून 1866 साली तीन मजुरांना तुरुंगात टाकलं. आपल्यासारखंच! हे जंगल लोकांना मोकळं ठेवा, असा ठराव फॉसेटने 1870 साली पार्लमेंटात मांडून पास करून घेतला. बाकीचे कोर्टात लढले. शेवटी 1878 साली कायदा होऊन जंगल वाचलं. सरपणाचा हक्क तिथेही गेला, पण भरपाई देऊन.

त्याच 1878 साली इंग्रज सरकारने आपल्याकडे जंगल कायदा केला आणि रान राखीव करत नेलं. हक्क सांगायला कायद्यात मुदत होती. पण नोटीस वाचणार कोण? डोळे असून आपले वाडवडील कागदापुढे आंधळे ठरले.

आज कागद वाचणारी पोरं पाड्यापाड्यात आहेत. पण कुठला बांध कुणी घातला, कुठल्या साली गार्डाने कुणाला दंड केला, हे बाबांना तोंडपाठ आहे. ते पोरांना ठाऊक नाही, आणि फॉरेस्टवाले कधी लिहून देणार नाहीत.

म्हणून बैठकीत ठरलं: बाबा कमिटीत राहणार. शाळा शिकलेली एक पोरगी त्यांना कागद वाचून दाखवणार, आणि ते सांगतील ते वहीत उतरवणार. तुमच्याही पाड्यावर असंच करा. म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या लिहून घ्या. दंडाची प्रत्येक पावती जपून ठेवा, तीच आपल्या कसवणुकीचा पुरावा आहे.

आणि रात्री बैठक सुटली की बाबांना हाताला धरून घरापर्यंत सोडा. रस्त्यात ते जे सांगतील, ते ऐका.